समुद्राकाठच्या विहिरीचं पाणी

विष्णुपंतांनी जन्मभर एकच काम केलं. कनेरगावच्या नाक्यावर बसून त्यांनी दुसऱ्यांना जाऊ दिलं. नाक्याच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजाचं. सकाळी बैलगाडी जुंपली तर दुपारच्या जेवणाला वाशिम गाठता येई, पण कायद्यानं तो परमुलूख. गाडी आली की थांबवायची, पोती सोडायला लावायची, करोडगिरीची जकात घ्यायची, छाप मारायचा आणि म्हणायचं, जा. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांदेखत कापूस गेला, तूप गेलं, लग्नांची वऱ्हाडं गेली. विष्णुपंत तेवढे कुठं गेले नाहीत. वजीफा, म्हणजे पेन्शन, घेऊन ते हिंगोलीला भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिले आणि त्याच वर्षी, म्हणजे १९३८ साली, त्यांना समुद्राकाठी घर घ्यायची लहर आली.

लहर हा शब्द गंगूताईंचा. नवऱ्याच्या डोक्यात काही शिरलं की त्या आधी त्याला लहर म्हणत, मग खूळ, आणि शेवटी गुपचूप पदर खोचून त्याच्या तयारीला लागत. संसाराची तीस वर्षं याच क्रमानं गेली होती. नाक्यावरच्या सरकारी खोलीत कोंबड्या पाळायच्या खुळापासून फारसी शिकायच्या खुळापर्यंत त्यांनी सगळी खुळं निभावली होती. मूलबाळ झालं नाही, तेव्हा लाड करायला दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

पण समुद्र म्हणजे कोंबड्या नव्हेत.

झालं होतं असं. वाशिमच्या शाळेत कोकणातले एक मास्तर होते. श्रावणात औंढ्याच्या नागनाथाला जाताना ते नाक्यावर थांबत आणि विष्णुपंतांशी गप्पा मारत. त्यांच्या चुलतभावाचं एक घर दापोलीखाली, अगदी समुद्राकाठी, कुलूप लावून पडलं होतं. घरातली माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेली. कोणी चांगलं माणूस राहायला येऊन तुळशीपुढे दिवा लावणार असेल, तर भाऊ ते मिळेल त्या किमतीला द्यायला तयार होता. किंमत ऐकून विष्णुपंतांचा विश्वास बसेना. तेवढ्यात हिंगोलीत गोठासुद्धा आला नसता. गंगूताईंचं म्हणणं, गोठा नसता आला, पण म्हैस चांगली आली असती.

मग पत्रं सुरू झाली. मास्तरांचं पत्र आलं की विष्णुपंत चष्मा पुसून ते मोठ्यानं वाचत, आणि गंगूताई गहू निवडता निवडता खोड्या काढत. तीन खोल्या आणि पडवी, परसात फणस, मागच्या दारातून शंभर पावलांवर समुद्र. गंगूताईंनी विचारलं, माळवद आहे का? माळवद नव्हतं, उतरतं कौलारू छप्पर होतं. मग कुरडया कुठं वाळवायच्या? विष्णुपंतांनी तेही पत्रात विचारलं. उत्तर आलं, अंगणात वाळवाव्या. अंगणात कावळे येतात, गंगूताई म्हणाल्या. कावळे हिंगोलीतही येतात, विष्णुपंत म्हणाले. सगळ्याला त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा होई, हीच खरी पंचाईत होती. त्या चेहऱ्याला नाही कसं म्हणावं, हे गंगूताईंना कळेना. आणि जायचं तर त्यांच्या मनात मुळीच नव्हतं.

शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. त्यांच्या माहेरी रीत होती की मुलगी द्यायची तर आधी त्या गावच्या विहिरीचं पाणी पिऊन यायचं. पाणी गोड तर पुढची बोलणी, पाणी मचूळ तर नमस्कार. गंगूताई म्हणाल्या, मी त्या घराच्या विहिरीचं पाणी चाखल्याशिवाय होकार देणार नाही. त्यांना वाटलं, इतक्या लांबून पाणी कोण आणून देतो? विषय आपोआप संपेल.

विष्णुपंतांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं.

मास्तर उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेले होते. सुटी संपवून परत येताना त्यांनी विहिरीचं पाणी तांब्याच्या गडूत भरून आणलं. काशीची गंगा आणतात तसंच जपून. तोंडावर फडकं बांधलेलं, फडक्यावर लाख, आणि वाटेत कोणी उघडू नये म्हणून लाखेवर पैशाचा ठसा. वाशिमहून दर गुरुवारी हिंगोलीला माल आणणाऱ्या धनसिंग गाडीवानानं तो गडू दारात आणून ठेवला. नाक्यावर काय झालं ते त्यानं रंगवून सांगितलं. "नवा सायब म्हने, खोल. मी म्हनलं, इस्नुपंताच्या घरचं पानी हाय. खोलायचं आसंल तर त्याइलाच बलाव. गप बसला मंग."

विष्णुपंत घरात नव्हते. ते रामाच्या देवळात पोथी ऐकायला गेले होते.

गंगूताई गडूकडे पाहत बसल्या. मग त्यांनी चुलीतला निखारा चिमट्यात धरून लाखेवर फिरवला, फडकं अलगद सोडलं आणि पळीभर पाणी तोंडात घेतलं. बेट्याचं पाणी गोड निघालं. नुसतं गोड नव्हे, हिंगोलीच्या त्यांच्या आडाला लाज वाटावी असं. गंगूताईंना त्या न पाहिलेल्या विहिरीचा मनापासून राग आला. त्यांनी मडक्यातलं मूठभर मीठ गडूत टाकलं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळलं, फडकं बांधलं, लाख पुन्हा तापवून पसरली आणि फडताळातल्या डबीतला एक पैसा काढून वर दाबला. संसारात त्यांनी नवऱ्यापासून काही लपवलं नव्हतं असं नाही, पण ते सगळं त्याला खायला घालण्यासाठी लपवलेलं होतं. हे असलं पहिल्यांदाच.

विष्णुपंत आले. गडू पाहून त्यांनी आधी पाय धुतले, मगच तो हातात घेतला. लाखेवरून त्यांचा अंगठा सवयीनं फिरला आणि एका जागी थांबला. त्यांनी एकदा गंगूताईंकडे पाहिलं. मग लाख फोडून तिचा तुकडा खिशात टाकला, देवापुढे पळीभर पाणी ठेवलं आणि एक घोट घेतला. घोट कसाबसा गिळून ते म्हणाले, "खारं आहे."

गंगूताईंनीही चाखल्यासारखं केलं आणि मान हलवली. विष्णुपंतांनी मास्तरांची सगळी पत्रं सुतळीनं बांधून फळीवर टाकली. दुसऱ्या दिवशी बसून मास्तरांना चार ओळी लिहिल्या: पाणी मानवत नाही, तेव्हा घराचा विचार रहित केला आहे, आपल्याला फार श्रम दिले, क्षमा असावी. आणि वर गंगूताईंचीच समजूत घातली. म्हणाले, बरंच झालं. या वयात कुठं जायचं परमुलखात? इथं काय वाईट आहे?

त्यांनी आदळआपट केली असती तर गंगूताईंना सोसलं असतं. पण ते रोजच्यासारखे जेवत होते, भाजी चांगली झाली म्हणत होते, शेजारच्या रुख्मिणीबाईंच्या नातवाला पाढे म्हणायला लावत होते. फक्त दुपारी पान खाताना ते ज्या समुद्राच्या गोष्टी सांगायचे, त्या बंद झाल्या. भरती किती पावलं वर येते, होड्या किती वाजता निघतात, मास्तरांनी लिहिलेलं सगळं त्यांना पाठ होतं. ती दुपारची घटका आता नुसती अडकित्त्याच्या आवाजात जाई.

पुढच्या गुरुवारी परतीच्या वाटेवर धनसिंग पत्र न्यायला दारात उभा राहिला. विष्णुपंत ते चार ओळींचं पत्र फळीवरून काढायला उठले, तशा गंगूताई पुढं झाल्या आणि धनसिंगला म्हणाल्या की आधी बाजारातलं काय राहिलं असेल ते करून ये, पत्र मग ने. तो गेल्यावर त्यांनी दार पुढं लोटलं आणि नवऱ्याकडे पाठ करूनच बोलल्या.

"पाणी गोड होतं. मीठ मी घातलं."

"ठाऊक आहे मला."

गंगूताई वळल्या. विष्णुपंतांनी खिशातून लाखेचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. इंग्रजाच्या मुलखातून पाणी आलं, तर लाखेवर इंग्रज राजाचं मुंडकं उमटलेलं असायला हवं. इथं निजाम सरकारची फारसी अक्षरं होती, ठळक, डबीतल्या पैशाची. गंगूताईंना अक्षरं वाचता येत नव्हती, आणि पैसा म्हणजे पैसा, तो कोणाचा हे पाहायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"अठ्ठावीस वर्षं दुसरं काय केलं मी?" विष्णुपंत म्हणाले. "आणि मीठ तरी बेतानं घालायचं. समुद्रसुद्धा इतका खारा असेल की नाही, शंका आहे."

ते हसायला लागले, पण गंगूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कळलं होतं तर बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं. विष्णुपंत म्हणाले, तुला जायचं नाही एवढं त्यातून समजलं, मग आणखी काय बोलायचं? फक्त काहून नाही, ते मात्र समजलं नाही.

गंगूताई खाली बसल्या. हे सांगायचं म्हणजे जीभ जड होत होती, कारण सांगायची गोष्टच अशुभ होती. पण आता लपवून काही उरलं नव्हतं.

"तुमचं काही कमीजास्त झालं तर त्या परमुलखात मी कोणाकडं पाहू? तिथली बोली मला उमगायची नाही, माणसं ओळखीची नाहीत. इथं निदान रुख्मिणीबाई भाकरी घेऊन येईल. तिथं मला गंगू म्हणून कोण ओळखतं? मागं राहून तो समुद्र बघत बसू का मी?"

विष्णुपंतांनी पानाचं तबक बाजूला सारलं. कोणीतरी भलताच हिशेब पुढं मांडावा तसं त्यांनी गंगूताईंकडे पाहिलं.

"अगं, पण तू मागं राहणार हे कोणी सांगितलं? तीस वर्षं वडाला फेऱ्या घालून काय मागत आलीस? यांच्याआधी मला ने, कुंकवासकट ने, असंच ना?"

"मागितलेलं सगळं मिळतं का?"

"मी तर मिळणार असंच धरून चाललो होतो," विष्णुपंत म्हणाले. "तू एवढी निष्ठेनं मागतेस, देव देणारच. म्हणजे मागं राहणार मी. या दोन खोल्यांत, तुझ्या बांगड्या वाजत नाहीत, भांडं पडत नाही, तू कोणाला रागावत नाहीस, अशा शांततेत मला एक दिवस निघायचा नाही. मास्तर म्हणाले, तिथं समुद्राचा आवाज कधी थांबत नाही. म्हटलं, तेवढी तरी सोबत होईल. आणि त्या घरात आधी चार वर्षं तू राहून गेलेली असशील. चूल तुझ्या हातची, तुळस तुझ्या हातची. नुसत्या आवाजावर माणूस जगत नाही."

असं बोलणं विष्णुपंतांनी लग्नापासून कधी केलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनाच संकोच वाटला आणि ते उगाच चष्मा पुसू लागले. गंगूताईंना रडू येत होतं आणि हसूही येत होतं. जन्मभर एका माणसाशेजारी बसून जेवावं आणि तो आपल्या मरणानंतरची इतकी सोय करतो आहे, हे आपल्याला कळूही नये. आणि आपण त्याच्या तोंडात मूठभर मीठ घातलं.

त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले. बाहेर धनसिंगच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तो परत येऊन दारात थांबला होता.

"समुद्राचा तो आवाज," गंगूताईंनी विचारलं, "रात्रीचाही येतो का?"

"रात्री जास्त येतो म्हणतात."

"मग घ्या ते घर," गंगूताई म्हणाल्या, आणि धनसिंगला थोडं थांबायला सांगून दौत-टाक आणायला उठल्या.