पुढचे दोन नवे

गाढी नदीच्या पुलावर पुढचा टायर फुटला तेव्हा हौसाच्या मॅटाडोरमध्ये नेऱ्याच्या बारा भाजीवाल्या होत्या. भगवान ड्रायव्हरने जीव खाऊन स्टिअरिंग धरलं, म्हणून गाडी कठड्याला घासून थांबली.

त्याला पाच दिवस झाले. आज हौसा आणि भगवान पनवेलला, एस.टी. स्टँडजवळच्या टायरच्या दुकानात उभे होते. गाडीचे टायर पार गुळगुळीत झालेले. हौसाजवळ होते तेवढ्या पैशात चार रिमोल्ड येत होते, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेले. नाहीतर कोरे दोनच.

"चार रिमोल्ड द्या," हौसा म्हणाली.

भगवानने खिशातली किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "मंग गाडी दुसऱ्याला द्या, हौसाबाय. उन्हात याचं रबर सुटतं. पुढचं सुटलं तर माज्या हातात काय रात नाय."

"आनि मागं गुलगुलीतच ठेवायचे?"

"मागचा फुटला तर गाडी सांभालता येते. पुढचा फुटला तवा तुमी गाडीत नवत्या."

हौसाच्या डोक्यात सणक गेली. नवऱ्यामागे ही गाडी तिने चालती ठेवली होती, आणि तिचाच ड्रायव्हर परक्या माणसासमोर तिला अडवत होता. तिने स्टँडवरच्या दादू ड्रायव्हरला हाक मारली. दादूने येऊन किल्ली उचलली. "टायर कुठले का असंनात, मी नेतो. बारा काय, पंधरा बाया भरा."

पंधरा बाया ऐकून हौसाला बुधी आठवली. ती त्या बारा जणींतली; टायर फुटला त्या संध्याकाळी पोर कडेवर घेऊन हौसाच्या दारात आली होती. रडली नाही, भांडली नाही. दिलेलं पाणी प्यायली आणि गेली.

"किल्ली ठेव, दादू," हौसा म्हणाली. मग दुकानदाराला, "दोन कोरे. पुढं लावा."

भगवानने वाकून मागचे टायर चाचपले. "मागचे बदलेपर्यंत आठच बाया घ्यायच्या."

"आठांत काय सुटंल?"

"कमी सुटंल. माजे कमी द्या."

बाजारात बाया रिकाम्या पाट्या घेऊन थांबल्या होत्या. आठच म्हटल्यावर कुरकुर झाली, चौघी रागाने दुसऱ्या टेम्पोकडे गेल्या. बुधी दारापाशी अडली. "मी चालत जाते."

हौसाने तिला पुढे, भगवानशेजारी बसवलं आणि स्वतः मागच्या चाकावरच्या फळीवर चढली. ते पाहून बाकीच्या निमूट बसल्या. नेरे येईपर्यंत तिने फळी सोडली नाही.

उतरताना भगवानने विचारलं, "मागचे कवा?"

"बघू. तवर मी हितंच बसंन."