सुटलेला टाका

बटणाच्या चार भोकांतून गेलेला दोरा... निळा, घट्ट, कसा छान बसलेला. ती त्या बटणाकडेच बघत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की त्याच शर्टाच्या काखेत टाका सुटलाय आणि मास्तर तो तिच्या नाकासमोर नाचवताहेत.

"बाई, हे तुमच्या हातून पास झालं?"

झालं खरं. तयार कपडे तपासणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं. शिवणाऱ्या बायका तिला भिंगच म्हणत. पण मेलं हे भिंग घरीही उतरत नसे — पोरीच्या फ्रॉकवरचा डाग तेवढा दिसे, पोरगी काय सांगायला धावत आलीय ते नाही. गेलं वर्षभर तर सकाळी अंथरुणातून उठणंही नकोसं झालेलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबरोबर मोबाइलवरचा एक खेळ दिला. पडद्यावर चिडक्या, घुम्या तोंडांची गर्दी, त्यात एकच हसरं. ते शोधून बोट ठेवायचं, की लगेच नवी गर्दी. आणि हिनं सुरुवातीला काय करावं? याचा भांग वाकडा, हिची कॉलर मुडपलेली, असे दोष काढत बसली. बाईंना हसू आवरेना. "अहो, माल तपासायचा नाहीये. हसणारं तेवढं शोधा. डोळ्यांना वळण लागतं हळूहळू." लागतं म्हणे. तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

आणि आज... आज आधी बटण दिसलं. छातीत धडधडायला लागलं — भीतीनं? छे, भीती अशी गुदगुल्या करत नाही. पण याच डोळ्यांवर तर घर चालतं, ते बदलले तर खायचं काय, आणि नाही बदलले तर पुन्हा त्या सकाळी... नको, त्या नकोत.

मास्तरांचा आवाज चढला तशा मशिनी थांबल्या. खोलीभर माना वर झाल्या — दमलेली तोंडं, वैतागलेली, बिचारी म्हणणारी — आणि कुणी सांगितलं नव्हतं, बोट ठेवायचं नव्हतं, तरी तिची नजर थेट कोपऱ्यात गेली. काजं करणारी म्हातारी, अख्ख्या कारखान्याची आत्या, बोळकं पसरून हसत होती.

"चला, भिंगही चुकतं म्हणायचं," आत्या म्हणाली.

"बाई, लक्ष आहे का इकडे?"

"आहे, मास्तर."

तिनं पुढचा शर्ट ओढला. आधी काय दिसेल, खोट की बटण, तिला ठाऊक नव्हतं. आणि संध्याकाळी दार उघडल्यावर पोरीच्या तोंडावर आधी काय दिसतं, ते बघायची तिला विलक्षण घाई झाली होती.