आबांची छाती

रावेतच्या बाजारातली सुकट कोंडीराम आबांना कधी पटली नाही. ते चिंचवडला जायचे, विकणारीशी मनसोक्त हुज्जत घालायचे आणि पिशवी भरून आणायचे. मग सासरा आणि सून मिळून स्वयंपाकघरात ती निवडत बसायचे. त्या रविवारी सकाळीही दोघं तेच करत होते.

"ही बघ, आमच्या जुन्या मॅनेजरसारखी. नुसतं डोकंच!" आबा म्हणाले. स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले आणि हसता हसता भिंतीकडे कलंडले.

आम्रपालीला क्षणभर वाटलं, हसूनच आडवे झाले. पण त्यांचे डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते.

ती निघोज्याच्या एका कंपनीत तपासणी विभागात कामाला होती. तिथल्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये रबरी पुतळ्याची छाती दाबायला शिकवलं होतं. बायका तेव्हा एकमेकींना ढोसून हसल्या होत्या. आता तिने आबांच्या मानेवर बोटं ठेवली, नवऱ्याला ओरडून सांगितलं, "प्रितम, १०८ ला फोन लाव!" आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही तळहात आबांच्या छातीवर रोवले.

पुतळा दबून वर यायचा. माणूस तसा येत नाही. थोड्याच वेळात तळहाताखाली काहीतरी कट्‌कन मोडलं. दारात उभी असलेली सासू, चिमाबाई, किंचाळली, "अगं, मोडतीस का त्यांना?"

बरगडी मोडली तरी थांबायचं नाही, असं शिकवलेलं होतं. ती थांबली नाही. पुन्हा कट्‌ झालं. खांदे भरून आले, घाम आबांच्या बनियनवर टपकत राहिला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी येऊन झटका दिला आणि हृदय पुन्हा चालू झालं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी छाती कोणी दाबली? त्यांच्यामुळे इथवर आले हे." चिंचवडहून धावत आलेली नणंद, मोनिका, आम्रपालीच्या गळ्यात पडून रडली. हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी उघडून तिच्यात स्टेंट टाकला. तो तुंबू नये म्हणून रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. आबा बेशुद्ध होते, श्वास मशीनवर होता. तरी प्रितम सगळ्यांना फोन करून सांगत होता, "वाचले राव, आबा वाचले."

दुसऱ्या दिवशी आबांच्या घशातल्या नळीत आधी गुलाबी फेस दिसला. मग लाल रक्त आलं. नर्स ते ओढून काढी आणि नळी पुन्हा भरे.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर बाकावर बसवलं. "फुप्फुसात रक्तस्राव होतोय. छाती दाबताना बरगड्या मोडतात, फुप्फुसाला मुका मार लागतो. वर ही रक्त पातळ करणारी औषधं. त्यामुळे रक्त थांबत नाहीये."

"म्हणजे हिच्या दाबण्यानं झालं?" मोनिकाने विचारलं.

"न दाबलं असतं तर रविवारीच गेले असते."

पण मोनिकाने पुढचं ऐकलं नाही. ती उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

औषधं कमी केली तर स्टेंट तुंबणार, चालू ठेवली तर फुप्फुस भरणार. डॉक्टरांनी ती कमी केली. रक्त हळूहळू ओसरलं, गुंगीचं औषध उतरलं आणि आबांनी डोळे उघडले.

एकेकाला आत सोडत होते. आम्रपाली गेली तेव्हा आबांनी तिला ओळखलं. तोंडात नळी होती, हात पट्टीने पलंगाला बांधलेले होते. छातीवरची चादर सरकली होती. ती नीट करायला तिने हात पुढे केला आणि आबांनी अंग चोरलं. पट्ट्या ताणल्या गेल्या, डोळे विस्फारले, मशीन वाजायला लागलं. आम्रपालीने हात पाठीमागे घेतला. "नाही आबा, नाही करत काही," ती म्हणाली आणि उलट्या पावली बाहेर आली.

त्यानंतर स्टेंट तुंबला. डॉक्टरीणबाई पुन्हा बाहेर आल्या. "आता तो उघडायचा तर रक्त परत पातळ करावं लागेल. फुप्फुस ते सोसणार नाही. हृदय कधीही थांबेल. तेव्हा छाती दाबायची का, एवढं तुम्ही ठरवा."

"दाबा ना! सगळं करा," प्रितम म्हणाला.

चिमाबाई सुनेकडे वळली. "आम्रपाली, तू सांग."

"तिला काय विचारतेस आई?" मोनिका म्हणाली.

"म्या इचारलं ना. सांगू दे तिला."

आम्रपाली म्हणाली, "आत गेले तेव्हा ते माझ्या हाताला घाबरले, आई. चादर ओढत होते मी नुसती. छाती इतकी दुखतेय, की हात जवळ आला तरी घाबरतात." तिने प्रितमकडे बघायचं टाळलं. "मोडलेल्यावरच परत दाबतील. रक्त परत येईल. नको."

प्रितम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चिमाबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हात नका लावू."

त्याच दुपारी आबांचं हृदय थांबलं. कोणी छातीला हात लावला नाही. चिमाबाई त्यांचं कपाळ कुरवाळत बसली होती, प्रितमने पाय धरले होते. मोनिका पडद्यापाशी उभी राहून हुंदके देत होती. ती आम्रपालीशी बोलली नाही. नंतरही कितीतरी दिवस बोलली नाही.

बॉडी ताब्यात मिळेपर्यंत सासू-सून जिन्यापाशी बसून राहिल्या. चिमाबाईने विचारलं, "तू दाबत व्हतीस तवा त्यांना दुखलं आसंल का गं?"

"नाही आई. तेव्हा त्यांना काही कळत नव्हतं."

"आन्‌ मागनं?"

खोटं बोलणं सोपं होतं. आम्रपालीच्या ओठांवर ते आलंही होतं.

"नंतर दुखलं," ती म्हणाली. "खूप दुखलं."

चिमाबाईने मान हलवली. पदराने तोंड पुसलं आणि ती तिथेच, सुनेला खांदा लावून बसून राहिली.