पाच वाजताची सही

दोन वर्षं मी वहिनींबरोबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होतो. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. त्या लोकांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

लांब्या आणि मी रंगारी, कारखान्यांच्या टाक्या रंगवणारी जोडी. टाकीचा रंग दोन डब्यांतला असतो. एकत्र कालवला की तासाभरात बादलीत दगड होतो, म्हणून कालवलेलं संपवल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही. हजेरीचा कारकून मात्र पाचच्या ठोक्याला पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावायचा. एका सहीसाठी चाळीस फूट उतरा, परत चढा, तोवर रंगाची वाट लागलेली. मग जो खाली असेल त्याने वरच्याचीही सुटल्याची सही ठोकायची, अशी आमची पद्धत. मुकादमाला ठाऊक होतं, कारकुनालाही. घरी तेवढं कुणाला माहीत नव्हतं, कारण कामाचं घरी काढायचं नाही असा लांब्याचा नेम होता.

त्या दिवशी खाली मी होतो. पाचला त्याची सही केली, हातपाय धुतले आणि घर गाठलं. पावणेसहाला लांब्याच्या पायाखालची परांचीची फळी सरकली.

लांब्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, भरपाईचा दावा लावला तेव्हा कंपनीने हजेरीचं पुस्तक पुढे केलं. माणूस पाचला सुटला होता, नंतर आपल्या मर्जीने वर चढला, आमचा काय संबंध? मला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी मुकादमाने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं होतं, की दुसऱ्याची खोटी सही करणाऱ्याला कोण रे कामावर ठेवतं? कंपनीच्या वकिलाने ते पान माझ्यासमोर धरलं. ही सही मयताचीच का?

"हो, त्याचीच आहे," मी म्हणालो.

वाटलं, एका सहीने काय होतंय. बाकीचं कोर्ट बघून घेईल. भेकड माणसाला असं काहीतरी नेहमीच सुचतं. कोर्टाने ती सहीच बघितली आणि लिहिलं, की मृत्यूच्या वेळी तो कामावर नव्हता. दावा गेला.

वहिनी अपिलात गेल्या. वकीलबाईंनी आम्हाला दोघांना बसवून समजावलं. वरच्या कोर्टात काय घडलं ते पुन्हा उकरत नाहीत, ते खाली ठरलं की ठरलं. कायदा लावताना चूक झाली असेल तरच ऐकतात. त्यांनी एक मुद्दा शोधला होता. सही झाली असली तरी कारखान्याच्या आवारात असलेला माणूस कामावरच धरला पाहिजे. वहिनींची सासू अंथरुणाला खिळलेली, त्या स्वतः बारा तास शिलाई मशीनवर, आणि सगळा भरवसा ह्या एका मुद्द्यावर. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. वहिनींनी चहा पुढे केला आणि मी तो प्यालो.

सुनावणी सात मिनिटं चालली. न्यायाधीश म्हातारे होते, सर्दीने बेजार, पण बोलायला सौम्य.

"नुसता आवारात असता तर विचार केला असता," ते म्हणाले. "पण तो स्वतःच्या मर्जीने वर गेला, असं खालच्या कोर्टाने पुराव्यावरून ठरवलंय. त्याला मी हात लावू शकत नाही."

मी उभा राहिलो.

"साहेब, ती सही माझी आहे. तो वर कामच करत होता."

शिपाई धावला. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं, पानं उलटली आणि माझी साक्ष मलाच वाचून दाखवली. हे तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं, म्हणाले. वकीलबाईंनी नव्या पुराव्याची परवानगी मागितली. पण साक्षीदार तोच, प्रश्नही तोच, यात नवं काय, असं म्हणून त्यांनी अपील फेटाळलं. चिडून बोलले असते तर बरं वाटलं असतं मला.

बाहेर वहिनी बाकावर बसल्या. वाटलं रडतील, नाहीतर माझ्या थोबाडीत देतील. दोन्ही मी मुकाट सोसलं असतं.

"म्हणजे ते पाचला सुटलेच नव्हते?" त्यांनी विचारलं.

"नाही वहिनी. बादली संपवत होता."



"तुम्ही त्यांची सही म्हणालात, म्हणून मी खरं मानलं, भावजी. तेव्हापासून रोज त्यांना शिव्या घालतेय. सुटला होतात तर सरळ घरी का नाही आलात, म्हणून. सासूबाई सांगून सांगून थकल्या, पण मी त्यांचा फोटोसुद्धा भिंतीला लावू दिला नाही."