गुडघा सरळ

बाईंनी डोळे मिटले, हात छातीशी घेतले आणि उंच टाचांच्या लाल सँडलांसकट स्वतःला डाव्या कुशीवर गादीत झोकून दिलं. टेबलावरची कात्री खणखणली. बाई उठल्या, सँडलचा पट्टा आवळला आणि उजव्या कुशीवर पडायच्या तयारीला लागल्या.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या, हातात अर्धवट सोललेला बटाटा.

"अहो बाई, वर चाललंय तरी काय? आमचा दिवा झोका घेतोय. कुणी पडलंबिडलं का?"

"मीच पडतेय," बाई म्हणाल्या. "अजून थोडी पडेन, मग झालं."

काकूंनी बाईंच्या पायांकडे पाहिलं. मग त्यांची नजर वर वर चढत गेली आणि बाईंच्या चेहऱ्यापर्यंत पोचायला तिला एरवीपेक्षा बराच वेळ लागला.

"मुळात काय उंची कमी पडत होती?" काकू म्हणाल्या आणि बटाटा सोलत जिना उतरल्या.

काकूंचं काही चुकलं नव्हतं. बाई मुळातच ताडमाड. मुलींच्या शाळेत त्या उंच उडी शिकवायच्या आणि शाळा त्यांना पाठीमागे शिडीबाई म्हणायची. त्यांच्या हाताखाली आलेल्या नव्या मुलीला बरेच दिवस आडवी काठी दिसायचीसुद्धा नाही. तिला नुसतं पडायला लावायच्या. डावीकडे पड, उजवीकडे पड, पाठीवर पड. पडायची भीती गेली की उडी आपोआप येते, असं त्यांचं म्हणणं, आणि त्या म्हणण्यावर त्यांनी पोरींच्या कितीतरी पिढ्या उडवल्या होत्या. दुसरी कुणी असती तर तिनं नवे सँडल घालून आधी चालून पाहिलं असतं. बाईंनी आधी पडून पाहिलं.

सँडलांचं हे लचांड त्यांनी आपल्याच तोंडानं ओढवून घेतलं होतं. स्पर्धेला निघताना त्या पोरींना म्हणून बसल्या, "यंदा चषक आणलात तर मागाल ते करीन." पोरींनी चषक आणला. बाईंना वाटलं होतं, आइस्क्रीम मागतील, फार तर सरावाला एक दिवस सुट्टी. पण संघाची कप्तान, जिला सगळे चिमणी म्हणायचे, खोकं घेऊन पुढे आली.

"बाई, सत्काराला हे घालून स्टेजवर यायचं. आणि पोक काढायचं नाही."

"मी कधी पोक काढते गं?"

चिमणीनं मैत्रिणींकडे पाहिलं. मग धीर करून म्हणाली, "मैदानावर नाही काढत. पण फाटकाबाहेर मास्तर घ्यायला आले, की काढता."

 बाईंनी खोकं काखेत मारलं आणि शिट्टी वाजवून पोरींना पळायला लावलं.

मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शिकवायच्या बाई, आणि मास्तर म्हणायचे यांना, कारण ते टेलर होते. फक्त पुरुषांचे कपडे शिवायचे, आणि असे शिवायचे की लग्नात जावयाच्या अंगावर त्यांचा कोट असला तर सासऱ्याला आपलाच कोट उसना वाटावा. स्वभाव शांत, बोलणं मोजकं, आणि उंची बाईंच्या खांद्याच्या थोडी वर. लग्नाच्या दिवशी कुणीतरी दोघांना पाहून घड्याळाचे काटे म्हणालं होतं, मोठा आणि छोटा. सगळे हसले, मास्तरही हसले. मग मास्तरांच्या बहिणीनं बाईंच्या कानाशी लागून सांगितलं, "वहिनी, फोटोत जरा गुडघ्यातून वाक. पायघोळ कपड्यात कुणाला दिसत नाही. दादा फारच बुटका दिसतोय गं."

बाई वाकल्या. त्या दिवशी वाकल्या आणि मग वाकायचं थांबवायची वेळ कधी आलीच नाही. लग्नं, बारशी, दुकानाचं नवं दालन उघडलं तो दिवस, सगळ्या फोटोंत बाई मास्तरांहून चार बोटंच उंच आहेत. नवऱ्यावर जीव होता, आणि नवऱ्याला कुणी हसलेलं त्यांना खपत नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती.

पडण्यात बाई दोन संध्याकाळींत तरबेज झाल्या. चालणं मात्र काही केल्या जमेना. चार पावलं टाकली की सगळं शरीर पुढे कोसळायचं आणि हात आधार शोधायचे. स्वयंपाकघरात शिरताना चौकटीनं त्यांच्या कपाळाला अशी सलामी दिली की टेंगूळ आलं. पोरींना रोज सकाळी 'जमणार नाही हा शब्द फाटकाबाहेर ठेवून या' म्हणून दरडावणाऱ्या बाई पलंगावर बसल्या आणि सँडलांकडे रागानं पाहू लागल्या.

मास्तर दुकान बंद करून आले ते गळ्यातली टेप तशीच ठेवून.

"ऊठ, माप घ्यायचंय," ते म्हणाले. "सत्काराला तुला कोट-पँट शिवतोय."

"मला? तुम्ही बायकांचं कधी शिवलंय का?"

"माणसाचंच शिवायचंय ना? ऊठ. सँडल घालूनच उभी राहा."

बाई उठल्या नाहीत. "अहो, मी काय म्हणते, पोरींना सांगून टाकते. कपाळाला लागलं, पाय मुरगळला, काहीही. साध्या चपला घालून जाते."

"शब्द दिलास ना त्यांना?"

"दिला हो. पण त्या दिवशी तुम्हालाही स्टेजवर बोलावणार आहेत. मी ही अशी, त्यात हे स्टूल पायाला बांधलेलं, आणि शेजारी तुम्ही. तुमच्या बहिणीला आयतंच कोलीत मिळेल."

"तिला ते कधी मिळत नाही?" मास्तर म्हणाले. "तू चालून दाखव बघू."

बाई चालल्या. खिडकीपर्यंत जाताना दोनदा कपाटाला धरलं, येताना मास्तरांच्या खांद्याला. मास्तर त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. मग जमिनीवर उकिडवे बसून त्यांनी बाईंच्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

"हे वाकवतेस. उंच टाच असली की वजन आधीच पुढे जातं. त्यात तू गुडघा वाकवलास, म्हणजे पडायला आमंत्रणच. गुडघा सरळ. जोर पोटात धर, चवड्यावर नको. पाऊल रोजच्यापेक्षा लहान टाक. आधी टाच टेकव, मग बाकीचं. वळायचं झालं तर टाचेवर गर्रकन वळू नकोस, दोन बारीक पावलांत वळ. जिना उतरताना पाऊल थोडं तिरकं ठेव. आणि तळ नवा आहे तोवर गुळगुळीत फरशीवर जपून. खरखरीत कागदानं घासून घे आधी, म्हणजे..."

ते एकदम थांबले. मापाची टेप उगीच गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.

बाई बघत होत्या. कुणाचा पाय कुठे पडतो, वजन कुठून कुठे जातं, हे बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"तुम्हाला कसं हो माहीत एवढं?"

"गिऱ्हाइकं सांगतात," मास्तर टाचण्या तोंडात धरून म्हणाले.

दुकानात उभ्या आयुष्यात एक बाईमाणूस माप द्यायला आलेलं नव्हतं. "असं होय," बाई म्हणाल्या आणि माप द्यायला ताठ उभ्या राहिल्या.

गुडघा सरळ ठेव म्हणणं सोपं. बाईंचे गुडघे बाहेर पडलं की आपसूक सैल व्हायचे, कुणी न सांगता. आता त्यांनी ते हट्टानं सरळ केले. घरात चालल्या, गच्चीवर चालल्या, शाळा सुटल्यावर व्हरांड्यात चालल्या. पाठ वर निघाली, मान वर निघाली. कामावरून जाणारे शिपाईकाका थबकून म्हणाले, "बाई, तुम्ही एवढ्या उंच आहात होय!" हे वाक्य बाईंनी जन्मभर टोमणा म्हणूनच ऐकलं होतं. त्या दिवशी ते त्यांना चक्क आवडलं.

सत्काराच्या संध्याकाळी करड्या रंगाचा कोट आणि तशीच पँट अंगावर चढवून बाई आरशासमोर उभ्या राहिल्या. आरसा गळ्यापर्यंतच पुरत होता. पँटीत गुडघा लपत नाही हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं, आणि हे शिवणाऱ्याच्या आधीच ध्यानात आलेलं असणार हेही.

"कशी दिसते?"

मास्तर थोडे मागे सरले, पुन्हा थोडे मागे सरले, भिंतीला टेकले.

"एवढ्याशा खोलीत मावत नाहीस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जे होतं ते ऐकून बाईंना उगीचच खिडकी बंद करायला जावं लागलं.

जिना उतरून दोघं फाटकाशी आली. तिथे मास्तर थांबले. "रुमाल राहिला," म्हणाले आणि परत वर गेले. रुमालाला लागतो त्याहून बराच वेळ त्यांना लागला.

सभागृह भरलं होतं. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या मुद्दाम शेवटच्या रांगेत होत्या, कारण पोरींनी बजावलं होतं, मधल्या वाटेनं यायचं. बाई उठल्या. टाच, मग बाकीचं. टाच, मग बाकीचं. दोन्हीकडची डोकी खाली खाली जात होती आणि बाईंना एवढं मोठं सभागृह पहिल्यांदाच या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होतं. पुढच्या रांगेतल्या पोरी खुर्च्यांवर चढल्या. चिमणी तर दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारत होती की मुख्याध्यापिकांनी कानावर हात ठेवले. स्टेजच्या पायऱ्या बाई कठड्याला न धरता चढल्या. त्या क्षणी त्यांना स्वतःचा इतका अभिमान वाटला की तो चेहऱ्यावर कुणाला दिसत असेल तर दिसू दे, असं वाटलं.

"आणि आता बाईंच्या यजमानांना विनंती..."

मास्तर पहिल्या रांगेतून उठले. पायऱ्या चढताना त्यांनी दोन बोटांनी पँट गुडघ्याजवळ धरून किंचित वर उचलली. बाईंची नजर खाली गेली. पँटीचा काठ बुटांवरून ओघळून जमिनीला लागत होता, मागून टाचेखाली येत होता. ज्या माणसानं गावभर कुणाची पँट केसभर लांब जाऊ दिली नाही, तो भर सभेत जमीन झाडणारी पँट घालून स्टेजवर चढत होता.

पँट लांब झालेली नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बाईंनी एकदा मास्तरांचे भिजलेले बूट उन्हात ठेवायला उचलले होते. आत टाचेखाली बुचाच्या जाड चकत्या होत्या, नीट कापलेल्या, कातड्यानं मढवलेल्या, घरी केलेल्या. बाईंनी बूट होते तिथे, होते तसे ठेवून दिले आणि त्या बुटांना पुन्हा कधी हात लावला नाही. मास्तर आपले बूट आपणच पुसायचे. बाई आपले गुडघे आपणच वाकवायच्या. आज त्या चकत्या बुटांत नव्हत्या.

मास्तर येऊन शेजारी उभे राहिले. सभागृहात खसखस पिकली. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं, मान तिरकी केली, पुन्हा पाहिलं.

"मास्तर, खोकं देऊ का पायाखाली?"

आता मात्र लोक मोकळेपणानं हसले. दुसऱ्या रांगेत मास्तरांची बहीण हसली नाही. ती बाईंकडे डोळे वटारून बघत होती आणि हाताचा पंजा हलक्या हलक्या खाली दाबत होती. बाईंना तो हात ओळखीचा होता. त्यांचे गुडघे सवयीनं सैल पडू लागले.

"खोकं कशाला?" मास्तर मोठ्यानं म्हणाले. "इथून मला ही पूर्ण दिसते."

मग ओठ न हलवता, फक्त बाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "गुडघा."

बाईंनी गुडघे सरळ केले. एक, मग दुसरा. टाळ्या आधी पोरींनी सुरू केल्या, मग त्या मागे मागे पसरत गेल्या.

"दुखतायत का पाय?" मास्तरांनी समोर बघतच विचारलं.

"मरणाचे."

"दुखणारच. माझेही पहिलं वर्षभर दुखायचे."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी वर पाहिलं. त्यांना बरंच वर पाहावं लागलं.

"कधीपासून?"

"समोर बघा," बाई म्हणाल्या. "फोटो काढतायत."