पुढचं पान कोणी वाचायचं नाही

मी सुरी बोलतेय. मूठ नसलेली. ज्यांना मूठ लागते त्यांनी कांदे चिरत बसावं. मी अर्ध्या भाकरीच्या आकाराची, सरळ तळहातात बसते आणि अमेरिकेतल्या टँपा शहरात, इबोर वस्तीत चिरुटाचं पान कापते. गोड बोलायला मला कोणी शिकवलेलं नाही. त्यात आज ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यातल्या बहुतेकांवर माझा राग आहे. तेव्हा गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

एका लोहारानं मला जुन्या करवतीच्या पात्यातून कापून काढलं. माझा पहिला मालक क्यूबाहून आलेला, जन्मभर चिरूट वळून वाकलेला माणूस. त्याला दोन मुलं. मरताना त्यानं मला थोरल्यापुढे, एव्हारिस्तोपुढे धरलं. एव्हारिस्तो म्हणाला, "बाबा, ही नीलोला द्या. मला मचाण मिळालंय." म्हणून मी धाकट्याच्या हातात आले. नीलो शाळेत गेला होता म्हणे. फळ्यापेक्षा खिडकीकडे जास्त बघायचा, म्हणून मास्तरांनीच घरी पाठवला.

मचाण म्हणजे काय ते सांगते. आमच्या कारखान्यात लांबच लांब दालन आहे, त्यात टेबलांच्या रांगा, आणि मधोमध उंच मचाणावर एक खुर्ची. तिथे बसून वाचक दिवसभर मोठ्यानं वाचतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. खाली माणसं पान कापतात, वळतात आणि ऐकतात. वाचक मालकाचा नाही, कामगारांचा. पुस्तकसुद्धा कामगार हात वर करून ठरवतात. वाचलेलं आवडलं की सगळ्यांनी सुऱ्या फळीवर ठोकायच्या. नाही आवडलं की जमिनीवर टाकायच्या. पोलादाचा तो आवाज ऐकून भलेभले वाचक टोपी उचलून गेलेत.

वाचनानं माणूस चांगला होतो असं म्हणणाऱ्यांनी आमच्या दालनात येऊन बसावं. रोज ऐकून ही माणसं चांगली झाली नाहीत, भांडखोर झाली. पूर्वी मुकादम म्हणाला पान ओलं आहे, की ओलं. आता विचारतात, कशावरून? माझ्या शेजारच्या टेबलावरची रेमिहियाबाई, अंगठ्याचा ठसा उठवणारी बाई, पाद्र्याला रस्त्यात अडवून म्हणाली, "फादर, तुम्ही रविवारी सांगितलंत ते आणि गेल्या रविवारचं जुळत नाही." पलीकडचा बाल्बिनो आयुष्यात कोणापुढे रडला नव्हता. तो कादंबरीतल्या घोड्यासाठी रडला आणि वर म्हणाला, "तंबाखूची धूळ गेली डोळ्यात." सगळे हसले. तोही हसला. पण त्या दिवसापासून त्यानं आपल्या खेचराला काठी लावली नाही, हे मात्र खरं.

त्या हिवाळ्यात एव्हारिस्तो मिठागरावरच्या बेनिल्देची कादंबरी वाचत होता. बेनिल्देच्या बापाला एका खोट्या साक्षीवरून फाशी झालेली. ती साक्षीदाराला शोधत गावोगाव हिंडते. दालनात रोज वाद. रेमिहियाबाईचं म्हणणं, सापडला की चिरावा. बाल्बिनोचं म्हणणं, आधी त्याला बोलू द्यावं. "तुझ्या बापाला फाशी झाली असती म्हणजे कळलं असतं!" "माझा बाप फाशीच्या लायकीचाच होता, बाई!" असं ते चालायचं.

एव्हारिस्तोला खोकला झाला होता. आमच्याकडे खिडक्या उघडत नाहीत, वाऱ्यानं पान सुकतं. वर मचाणापाशी तर सगळ्या दालनाची धूळ साचते. तो थांबला की खालून सुऱ्या ठोकल्या जायच्या, पुढे, पुढे! आणि तो वाचायचा. मीही ठोकले. ठोकणं हे माझं काम आहे, त्याची माफी मी मागणार नाही. पण एकाही शहाण्याला वाटलं नाही की याला आता खाली उतरवावं. जी माणसं घोड्यासाठी रडली, त्यांना हा दिसला नाही. म्हणून माझा राग.

"बेनिल्देनं दारावर हात ठेवला आणि," इथपर्यंत वाचून तो थांबला. आधी आवाज गेला, मग ताप आला, मग तो गेला.

त्याला मातीत ठेवून आल्यावर दुसऱ्याच सकाळी नीलो दालनात आला, सरळ मचाणावर चढला, खुर्चीवरचं पुस्तक उचललं आणि सदऱ्यात घातलं.

"पुढचं पान कोणी वाचायचं नाही," तो म्हणाला. "दादानं जिथे सोडलं तिथेच संपलं."

"अरे पोरा," बाल्बिनो म्हणाला, "ती बाई दारात उभी आहे."

"राहू दे उभी. तुम्ही माझ्या भावाला उभं जाळलंत, ती थोडी उभी राहिली तर काय बिघडलं?"

रेमिहियाबाईनं मान खाली घालून पान कापलं, तेही वाकडं.

मग नवे वाचक येऊ लागले. प्रत्येकानं मचाणावर बसून काहीतरी वाचून दाखवायचं, दालनानं पसंत करायचं, अशी रीत. पहिल्यानं तोंड उघडलं आणि नीलोनं मला जमिनीवर आपटलं. एकट्यानं. एकट्या सुरीला खरं तर कोणी विचारत नाही. पण ज्याच्या घरात सुतक आहे त्याची सुरी पडल्यावर आपली फळीवर कशी ठोकायची? कोणीच ठोकली नाही. वाचक गेला. पुढचा आला, मी पुन्हा पडले. ओब्दुलियो नावाचा एक म्हातारा आला, त्याचा आवाज चांगला होता, एव्हारिस्तोची आठवण व्हावी इतका चांगला. त्याच्या वेळी नीलोनं मला इतक्या जोरात फेकलं की माझं टोक उडालं. ते टोक अजून तसंच तुटकं आहे.

दालन मुकं झालं. नुसती कापण्याची कुरकुर. माणसं एकमेकांवर खेकसू लागली, तेही पानाच्या शिरांवरून, डिंकाच्या भांड्यावरून. भांडायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणि मग एक दिवस मुकादम तोर्क्वातो नीलोच्या टेबलाशी आला. त्यानं वरच्या प्रतीच्या पानांची जुडी समोर ठेवली, एरवी जी जुन्या हातांनाच मिळते. नीलोच्या खांद्यावर हात ठेवला.

"शाबास, पोरा. शांतता किती बरी, नाही? मालक खूश आहेत. शनिवारी सुतार येतोय, मचाण काढून टाकू. तिथे आणखी टेबलं मावतील." मग खाली वाकून म्हणाला, "तुझं हे काम आम्ही विसरणार नाही."

नीलोच्या तळहाताला घाम फुटला. मी त्यातच होते, मला कळलं.

असलं बोलणं त्यानं आधी ऐकलं होतं. कादंबरीत कोर्टाचा कारकून त्या खोट्या साक्षीदाराला असंच म्हणाला होता. एव्हारिस्तोनं तो कारकून नाकातून बोलून दाखवला होता आणि सगळं दालन थू थू करत होतं. शाळेनं ज्याला घरी पाठवलं त्या नीलोला कोणी बसवून काही शिकवलं नव्हतं. पण वर्षानुवर्षं दादाचा आवाज कानात पडत होता. त्यामुळे खांद्यावरचा हात कोणाचा आणि कशासाठी, हे त्याला त्या क्षणी कळलं. दादाची खुर्ची कोणी दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून तो लढत होता, आणि खुर्चीच मोडली जाणार होती. त्याच्या हातानं.

त्यानं पानांची जुडी उचलून मुकादमाच्या छातीवर मारली.

"उचल तुझी पानं! मी तुझा साक्षीदार नाही."

"काय बरळतोस? कसला साक्षीदार?"

"त्याला काय विचारतोस, नीलो," रेमिहियाबाई ओरडली, "तो कधी ऐकत होता का? तो नुसती टेबलं मोजत होता!"

दालन हसलं. किती दिवसांनी हसलं. नीलो मात्र हसला नाही. तो मला टेबलावर टाकून मचाणावर चढला, सदऱ्यातून पुस्तक काढलं आणि उभ्यानंच वाचू लागला.

वाचू कसलं? अक्षरं त्याला एकेक दिसत होती, शब्द दिसत नव्हता. "बे-निल्दे-नं दा-रावर..."

"मोठ्यानं! भिंतीला सांगतोस का?"

"गप्प बस, बाल्बिनो! खाली येऊन दात पाडीन!"

"पाड, पण आधी दार उघड!"

दार उघडलं. आतला साक्षीदार म्हातारा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. त्यानं विचारलं, "मीठ आणलंस का?" त्याला वाटलं, मिठवाली आली. दालनात कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बेनिल्देच्या शालीआड सुरी होती. नीलो अडखळत, घाम पुसत, चुकीचं वाचून परत मागे जात वाचत राहिला. पान संपलं. त्याचा घसा बसला होता.

"पुरे झालं, नीलो," रेमिहियाबाई म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता. "उतर खाली. बाकीचं उद्या. आम्हाला घाई नाही."

बाल्बिनोनं आपली सुरी बाजूला ठेवली. त्याच्यामागे रांगेतल्या सगळ्यांनी. कोणी ठोकलं नाही, एकानंही नाही. एका माणसाला पुरून आल्यानंतर का होईना, दालनाला तेवढी अक्कल आली.

नीलो वर उभा. पुस्तकाकडे बघत. उतरला नाही. त्यालाच पुढचं हवं होतं. पान उलटलं आणि तो ढसाढसा रडू लागला. रडता रडता शिव्या देत होता, आम्हाला, पुस्तकाला, त्या बेनिल्देला, आणि दादालाही.

दुसऱ्या दिवशी ओब्दुलियोला परत बोलावलं. कादंबरी त्यानं पुरी केली. बेनिल्देनं काय केलं ते मी सांगणार नाही. ज्यांना फुकट हवं आहे त्यांनी आमच्यासारखं वर्षभर ऐकावं. शनिवारी सुतार आला तेव्हा सगळं दालन उठून मचाणाभोवती उभं राहिलं. सुतार म्हणाला, "मला काय, मी उद्या येतो," तो अजून आलेला नाही.

मी आता झिजून अरुंद झालेय. टोक तुटकं, धार लावायची म्हटलं तर लावायला पोलादच उरलेलं नाही. लवकरच नीलो दुसरी सुरी घेईल, आणि घ्यावी. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगते, तुम्ही जे घरात एकटे बसून मनातल्या मनात वाचता आणि स्वतःला सुसंस्कृत म्हणवता. वाचून झाल्यावर कोणाशी भांडलात का? खांद्यावरचा एखादा हात झटकलात का? शेजारी कोण खोकतंय ते ऐकलंत का? नसेल, तर पानं उलटत बसा, माझं तुमच्याशी काही बोलणं नाही.

एव्हारिस्तोची भरपाई कुठल्याही पुस्तकात नाही. आहे असं म्हणणाऱ्याला नीलो मारील आणि मी मदत करीन.

उद्या दुपारी नवी कादंबरी ठरायची आहे. नीलो विरोधात हात वर करणार आहे. कोणती कादंबरी, ते त्यानं अजून विचारलेलंही नाही. ओब्दुलियोला मात्र सांगून ठेवलंय, "सुरुवात सावकाश कर. पहिलं पान मला नीट ऐकायचं असतं."