सहीविना पाकीट

डिसेंबरातल्या त्या गुरुवारी हार्लनच्या गाडीची बॅटरी गारठून बसली, म्हणून मारित वडिलांना आणायला कॅपिटॉलमधल्या त्यांच्या सरकारी कार्यालयात गेली. नाहीतर मार्चपासून तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

हार्लन ओस्तबी बारा वर्षं राज्याचे निवडून आलेले सचिव होते. निवडणुका त्यांच्या देखरेखीखाली व्हायच्या, निकालावर राज्याचा शिक्का तेच उठवायचे. या खेपेला ते स्वतःच पडले होते, तीनशे सहा मतांनी. आणि त्या निकालावरही शिक्का त्यांनाच उठवायचा होता.

त्यांची जुनी मदतनीस व्हर्ना शिक्क्याच्या बिडाच्या यंत्राचा दांडा पुसत होती. "ये गं. तुझ्या बापाला सांग, हळू दाब म्हणावं. गेल्या खेपेला कागद फाडला होता त्याने."

"गेल्या खेपेला मी जिंकलो होतो," हार्लन म्हणाले. "आज काही तेवढा जोर लागणार नाही."

व्हर्ना हसली आणि चटकन खिडकीकडे वळली.

त्यांनी सही केली, दोन्ही हातांनी दांडा दाबला. कागदावर उमटलेल्या शिक्क्यातल्या गव्हाच्या पेंढीवरून अंगठा फिरवून पाहिला.

परतताना गाडीत ते म्हणाले, "टपालाने आलेली चारशे बारा मतं बाद झाली. पाकिटावर मतदाराची सहीच नाही."

मारितची नजर रस्त्यावर होती. "त्यांना कळवत नाहीत?"

"कळवतात ना. काउंटीच्या कचेरीकडून पत्र जातं, येऊन सही करून जा म्हणून. लोक येत नाहीत." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू नीट जेवतेस ना? शनिवारी ये. तुझ्या आईसारखं ओव्हनमधलं हॉटडिश करून बघतो. जळलं तर सँडविच आहेच."

"बघते."

दारात उतरताना ते क्षणभर थांबले. तिने गियर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातलं बर्फ उपसताना ते कोसळले. शेजारी धावला, तोवर सगळं संपलं होतं.

पुढच्या आठवड्यात ती त्यांचं सामान न्यायला गेली. व्हर्नाने खोकं भरूनच ठेवलं होतं. मग व्हर्ना खुर्ची ओढून बसली. "एक सांगू? सही नसलेल्यांची यादी आली, त्यात तुझं नाव होतं. मुदत संपायला सहा दिवस होते. मी म्हटलं, पोरीला फोन कर. तर म्हणतो, उरलेल्या चारशे अकरा जणांना कोण करणार? माझी मुलगी म्हणून तिला वेगळा नियम नाही."

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणाला, विसरली असेल बिचारी. आई गेल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नाही." व्हर्ना तिच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेली.

मार्चमधल्या त्या दिवशी उमेदवारी अर्जांची मुदत पाचला संपायची होती. चार वीसला आई गेली. त्याआधी तिने दोनदा विचारलं होतं, "आला का?" हार्लन पाचाच्या ठोक्याला कार्यालयाचं दार लावून निघाले आणि साडेपाचला इस्पितळात पोचले, तेव्हा कोटाच्या खिशाला नावाची ओळखपट्टी तशीच लटकत होती. त्याबद्दल मारित त्यांना एक शब्दही बोलली नव्हती. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

ती यंत्रापाशी गेली. दांडा गार होता. भिंतीवर आधीच्या सचिवांच्या तसबिरी होत्या आणि रांगेच्या शेवटी हार्लनच्या तसबिरीसाठी नुकताच ठोकलेला रिकामा खिळा. त्या खिळ्याकडे बघत ती बोलली, व्हर्नाला बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"विसरले नव्हते मी, बाबा. सही मुद्दाम केली नाही. आई विचारत होती आणि तुम्ही इथे बसलात, म्हणून. पत्रही आलं होतं मला, फाडून टाकलं." तिने दांडा घट्ट धरला. "पण आत, मतपत्रिकेवर, खूण तुमच्याच नावापुढे केली होती."